नीरेच्या नावाचं आत्मचरित्र

नीरा नदी भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या डोक्याशी उगम पावते. कऱ्हा उगम पावते शेजारच्या पुरंदर तालुक्यात, गराडे-कोडीतच्या डोंगरांत. दोघी पूर्वेकडे वाहत जातात आणि बारामती तालुक्यात सोनगावला एकमेकींना भेटतात. कऱ्हेच्या नावानं मराठीतलं सगळ्यात धिप्पाड आत्मचरित्र आहे, आचार्य अत्र्यांचं 'कऱ्हेचे पाणी'. कृष्णेच्या नावानं यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' आहे. नीरेच्या नावाचं एकाही राजकारण्याचं आत्मचरित्र माझ्या पाहण्यात नाही. आणि राजकारण म्हणाल तर ते नीरेच्या खोऱ्यातल्या पाण्यावर जेवढं झालं तेवढं कऱ्हेच्या पाण्यावर कधी झालं नाही. मुळात कऱ्हेला पाणीच कमी.

हा लेख भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या वाचकांबद्दल आहे. वेल्ह्याचं नाव राजगड करायला मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, पण बोलण्यात अजून वेल्हेच येतं, म्हणून मीही तेच ठेवतो. स्पष्टवक्त्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या पुढाऱ्याचं आत्मचरित्र हातात पडलं की इथला माणूस ते कसं वाचतो, काय शोधतो, कुठे पान उलटतो, कुठे थांबतो, हे मला बघायचं होतं. समीक्षकांनी काय म्हटलं ते छापलेलं असतं. तालुक्याच्या वाचनालयातला सभासद काय म्हणतो ते कुठे छापून येत नाही. ते कधी पारावर बोललं जातं, कधी लग्नाच्या पंगतीत, आणि कधी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.

समासातली ही समीक्षा सगळ्यात रोखठोक. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये असा नियम सगळीकडे टांगलेला असतो, आणि राजकीय आत्मचरित्रांच्या बाबतीत तो सगळीकडे मोडला जातो. कादंबरीच्या समासात कुणी काही लिहीत नाही. पुढाऱ्याच्या पुस्तकात मात्र 'खोटे', 'हे अर्धेच', 'सभा दुपारी झाली होती', 'नाव का नाही?' असे शेरे दिसतात. एका शेऱ्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर आणि त्याखाली तिसऱ्याचं प्रत्युत्तर. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव अनुदानावर वाचनालयं उभी राहिली, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खोली, तीन-चार कपाटं आणि दुपारी पेपर वाचायला येणारी ठरलेली माणसं. पण वाद तिथेही अ वर्गाचाच चालतो.

भोर-वेल्ह्यात राजकीय आत्मचरित्राचे वाचक मला साधारण तीन तऱ्हांचे दिसले. पहिले, जुने कार्यकर्ते. कुठल्या पक्षाचे हे महत्त्वाचं नाही, कारण बहुतेकांचे दोन-तीन पक्ष होऊन गेलेले असतात. हे पुस्तक मागून वाचायला घेतात. नामसूची असेल तर तिच्यात स्वतःच्या नेत्याचं नाव बघतात, नसेल तर फोटो चाळतात. फोटोत मागच्या रांगेत उभा असलेला आपला माणूस ओळखला की पुस्तक वसूल. दुसरे, स्पर्धा परीक्षांची पोरं. त्यांना तारखा हव्या असतात, बालपणाची शंभर पानं ती सरळ ओलांडतात. तिसऱ्या बायका. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या. त्यांची संख्या कमी, पण त्यांचा प्रश्न सगळ्यात अडचणीचा असतो. हा माणूस तुरुंगात, दौऱ्यावर, दिल्लीत होता तेव्हा घर कोण चालवत होतं? बहुतेक पुस्तकांत याचं उत्तर एका कृतज्ञ परिच्छेदात उरकलेलं असतं. कोरेगावच्या बाजूनं भोरमध्ये सून म्हणून आलेल्या एका शिक्षिकेचं म्हणणं असं की पुढाऱ्याच्या आत्मचरित्रात बायको अर्पणपत्रिकेत येते आणि तिथेच राहते. मला हे मत पटलं.

आता अत्रे. फटकळ, वृत्तीनं अपक्ष, कुठल्याच पक्षाच्या शिस्तीत फार काळ न मावलेला राजकारणी म्हटला की इथल्या जुन्या वाचकाच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं. आधी काँग्रेसचे, पुणे नगरपालिकेत निवडून गेलेले, मग काँग्रेसवर तुटून पडलेले, १९५६ च्या नोव्हेंबरात 'मराठा' दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्राची तोफ झालेले, १९५७ मध्ये आमदार. त्यात सासवडचे, म्हणजे शेजारच्या तालुक्याचे. भोरचा माणूस अत्र्यांना परका मानत नाही. 'कऱ्हेचे पाणी'चे पाच खंड त्यांनी स्वतः लिहिले, १३ जून १९६९ ला ते गेले, आणि पुढचे खंड शिरीष पैंनी सिद्ध केले.

या पुस्तकाबद्दल वाचकांचं एकमत आहे असं समजू नका. साठीच्या पुढच्यांना ते पाठ असल्यासारखं आहे. त्यांना अत्र्यांचं भांडण आवडतं, कारण ते उघड्यावरचं भांडण आहे, नाव घेऊन केलेलं. पण तिशीच्या आतले वाचक मला सांगत होते की पहिला खंड छान आहे, कोडीत, सासवड, शाळा, भाषणांचे नाद, हे सगळं गोडीनं वाचलं जातं, पुढे मात्र अत्रे प्रत्येक लढाईत बरोबरच कसे निघतात? ज्यांच्याशी भांडण झालं ते सगळे एकजात लबाड आणि कोते कसे? प्रश्न रास्त आहे. त्यावर जुन्यांचं उत्तरही तयार असतं. ज्या नेहरूंना अत्र्यांनी वर्षानुवर्षं झोडपलं, त्यांच्या निधनावर त्याच अत्र्यांनी लिहिलेले 'सूर्यास्त'चे अग्रलेख वाचा म्हणतात. शत्रू मेल्यावर डोळे पुसणारा माणूस कोता नव्हता, असा त्यांचा मुद्दा. तरुण वाचक त्यावर गप्प बसतो, पण पटलेलं नसतं हे दिसतं. माझं स्वतःचं मत तरुणांच्या बाजूनं थोडं झुकतं. दुसऱ्याबद्दल निर्भीडपणे लिहिणं अत्र्यांना सहज जमायचं. स्वतःच्या राजकीय निर्णयांचा हिशेब मांडताना तीच लेखणी वकिलाची होते.

आणि भोरच्या वाचकाला या वादात एक वेगळी अडचण आहे. अत्र्यांनी ज्यांना सगळ्यात कठोरपणे झोडपलं त्यांत शंकरराव देव होते, आणि शंकरराव देव भोरचे.

देवांचं नाव आज भोरमध्ये किती जणांना माहीत आहे? कॉलेजच्या मुलांना विचारलं तर बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. संस्थानी भोरमध्ये जन्मलेला हा ब्राह्मण मुलगा गांधींच्या मागे गेला, मुळशी सत्याग्रहात उतरला, काँग्रेसचा सरचिटणीस झाला, घटना समितीत बसला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या ज्या बारा जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, त्यांत नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, कृपलानी यांच्याबरोबर देव होते. तो किल्ला म्हणजे त्या काळात लेखकांचं वसतिगृहच होता. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं, हरेकृष्ण महताबांनी ओरिसाचा इतिहास.

१९५० साली काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक झाली ती पुरुषोत्तमदास टंडन आणि आचार्य कृपलानी यांच्यातली म्हणून लोकांच्या लक्षात आहे. टंडनांना १३०६ मतं पडली, कृपलानींना १०९२. तिसरे उमेदवार होते शंकरराव देव, त्यांना २०२. हरणार हे ठाऊक असताना उभं राहणं ही भोरच्या कुस्तीप्रेमी वाचकाला कळणारी गोष्ट आहे, पण देव पैलवानासारखे नव्हते, हट्टी गांधीवादी होते. १९४६ पासून संयुक्त महाराष्ट्र परिषदेची धुरा त्यांच्याकडे होती. मुंबईवरून झालेल्या १९५५ च्या पेचात ते तडजोडीची भाषा बोलू लागले, आणि मुंबईच्या रस्त्यांवर लोक मरत असताना तडजोड कुणाला ऐकायची नव्हती. परिषद मागे पडली, संयुक्त महाराष्ट्र समिती पुढे आली. अत्र्यांनी देवांची सालटी काढली. पक्षीय राजकारणातून बाहेर पडून देव भूदान-सर्वोदयात गेले. चीनशी युद्ध होऊन वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, १ मार्च १९६३ ला, दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. ज्या वर्षी देशात चीनचं नाव काढणं पाप होतं, त्या वर्षी. चीननं यात्रेला प्रवेश दिला नाही. यात्रेला आपल्याकडच्यांनीही शिव्याच घातल्या.

अशा माणसाला अपक्ष म्हणायचं नाही तर कुणाला? त्यांचं आत्मचरित्र आहे, 'दैव देते पण कर्म नेते'. पुस्तक सहज मिळत नाही. ज्यांनी वाचलं आहे असे थोडे वाचक भोर-पुण्यात भेटतात. त्यांचं एक म्हणणं असं की देव हा स्पष्टवक्ता खरा, पण चुरचुरीत नाही. त्यामुळे अत्र्यांनी केलेलं देवांचं चित्र टिकलं, आणि देवांनी स्वतः लिहिलेलं हरवलं. मराठी राजकारणात जो चांगलं लिहितो तो इतिहासात जिंकतो, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला ऐकवलं, आणि ते स्वतः अत्र्यांचे भक्त आहेत!

देव भोरच्या पेठेतले. भोरचा दुसरा माणूस कारी गावचा: केशवराव जेधे. म्हणजे जन्म पुण्याचा, पण घराणं कारीच्या जेधे देशमुखांचं, कान्होजी जेध्यांचं. भोर किंवा वेल्ह्याहून एसटीनं पुण्याला आलेला प्रवासी स्वारगेटला उतरतो तो यांच्याच नावाच्या चौकात. देव आणि जेधे एकाच संस्थानच्या मुळांचे, आणि आयुष्यभर बहुतेक वेळा एकमेकांच्या समोर. जेधे ब्राह्मणेतर चळवळीतले. दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' १९२५ मध्ये निघालं त्याचे प्रकाशक जेधे. टिळक आणि चिपळूणकरांवरच्या त्या पुस्तकावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात ती रद्द करून घेणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेच जेधे १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्ये आले, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. देव-देवगिरीकरांच्या गटाशी जमलं नाही तेव्हा १९४८ मध्ये शंकरराव मोऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष काढला, मग पुन्हा काँग्रेस. आणि ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली ती सभा जेध्यांच्या अध्यक्षतेखाली. ज्यानं टिळकांविरुद्धचं पुस्तक छापलं तो टिळकांच्या नावाच्या मंदिरात अध्यक्ष! एवढं नाट्य कुठल्या कादंबरीकाराला सुचेल?

पण जेध्यांचं आयुष्य वाचायचं तर य. दि. फडक्यांनी लिहिलेल्या चरित्रात वाचावं लागतं, किंवा काकासाहेब गाडगीळांच्या 'पथिक'मध्ये. गाडगीळ-जेधे ही जोडी पुण्याच्या राजकारणातली आख्यायिका. गाडगीळ स्वतः परखड बोलण्याबद्दल प्रसिद्ध. काँग्रेसमध्ये राहून लोकसभेत मुंबईचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल असं १९५६ मध्ये सुनावलं, आणि पुढच्याच वर्षी समितीच्या लाटेत पुण्यात ना. ग. गोऱ्यांकडून हरले. कारी-आंबवड्याच्या वाचकांची तक्रार इथेच सुरू होते. त्यांचं म्हणणं, आमच्या माणसाची गोष्ट कायम दुसऱ्यानं सांगितली. मित्रानं प्रेमानं सांगितली, इतिहासकारानं पुराव्यानिशी सांगितली, पण ती जेध्यांच्या तोंडून आली नाही. पक्ष सोडताना काय वाटलं, परत जाताना काय वाटलं, हे आम्ही कुणाला विचारायचं? पक्षांतरं रोज बघणाऱ्या आजच्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न ऐकताना त्याची धार कळते. त्याला जेध्यांना दोष द्यायचा नसतो. तत्त्वासाठी सोडणं आणि तिकिटासाठी सोडणं यांतला फरक सोडणाऱ्याच्या शब्दांत ऐकायचा असतो.

इथे मला थोडं मागे जावंसं वाटतं, तीन-साडेतीनशे वर्षं. कारण आत्मचरित्र नसलं तरी जेध्यांच्या घरात लिहून ठेवण्याची परंपरा जबरदस्त आहे. जेधे शकावली म्हणजे तारीखवार नोंदींची यादी. ती कारीच्या जेधे देशमुखांकडून लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळानं प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद तिच्यातलीच. तिच्यासोबतचा दुसरा कागद म्हणजे जेधे करीना. शकावलीचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, करीना मात्र वाचलेला सापडणं कठीण, आणि खरं तर तोच राजकारणाच्या वाचकानं वाचावा.

करीन्यात घराण्याची हकीकत आहे, आणि ती सुबक नाही. वतनाच्या वादात कान्होजींचे वडील नाईकजी भावांच्याच हातून मारले जातात. तान्ह्या कान्होजींना देवजी महाले वाचवतात. हे सगळं त्या घराण्यानं स्वतः, स्वतःबद्दल लिहून ठेवलं. आजचा कुठला पुढारी आपल्या घरातल्या भांडणाबद्दल एवढं उघड लिहील? पण करीना निर्मळ मनानं, सत्य सांगायचं म्हणून लिहिलेला नाही. तो हक्क सांगणारा कागद आहे. आम्ही एवढं सोसलं, एवढी चाकरी केली, अफजलखान आला तेव्हा पाच लेकांसह महाराजांच्या पायाशी उभे राहिलो, तेव्हा वतन आमचं, मान आमचा. खुनाची गोष्टसुद्धा दाव्यासाठीच येते.

मला वाटतं, भोरच्या वाचकाला राजकीय आत्मचरित्र कसं वाचायचं हे कुणी शिकवावं लागत नाही ते यामुळे. या मुलखानं पिढ्यान्‌पिढ्या वतनाचे, बांधाचे, सात-बाऱ्याचे दावे पाहिले आहेत. एका पक्षाचा कागद वाचला की तो दुसऱ्या पक्षाचा मागतो. अत्र्यांचा करीना वाचला, आता देवांचा दाखवा. गाडगिळांचा वाचला, मोऱ्यांचं काय म्हणणं होतं? समासातले शेरे म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, प्रतिवादीची कैफियत आहे.

या नजरेनं शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती' इथे वाचलं जातं. पवार स्पष्टवक्ते म्हणून ओळखले जात नाहीत, अपक्ष तर नाहीतच. पण भोर-वेल्ह्यात राजकीय आत्मचरित्राचा विषय काढला की पाच मिनिटांत या पुस्तकावर येतो, कारण २००९ पासून हे दोन्ही तालुके बारामती लोकसभा मतदारसंघात आहेत. पुस्तक पहिल्यांदा २०१५ च्या डिसेंबरात, पंचाहत्तरीच्या निमित्तानं आलं. त्यातला एक प्रसंग इथले वाचक हमखास सांगतात. १९५७ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेलेले केशवराव जेधे १९५९ च्या नोव्हेंबरात वारले, पोटनिवडणूक लागली. काँग्रेसकडून त्यांचे चिरंजीव गुलाबराव, शेतकरी कामगार पक्षाकडून पवारांचे थोरले बंधू वसंतराव. घर सगळं शेकापचं, आणि धाकट्या शरदनं प्रचार केला काँग्रेसचा, सख्ख्या भावाच्या विरोधात. २०१५ मध्ये ही गोष्ट वाचकांना गंमतीची वाटली होती. २०२४ मध्ये नणंद-भावजय, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, त्याच बारामतीत समोरासमोर आल्या तेव्हा लोकांनी ते पान पुन्हा काढलं. सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या, भोरनं त्यांना मोठी आघाडी दिली.

सुधारित आवृत्ती २ मे २०२३ ला मुंबईत चव्हाण सेंटरमध्ये प्रकाशित झाली, आणि त्याच व्यासपीठावर पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. तीन दिवसांत ती मागे घेतली. दोन महिन्यांत, २ जुलैला, पक्ष फुटला. आत्मचरित्राच्या शेवटच्या प्रकरणाची शाई वाळायच्या आत पुढचं प्रकरण घडलं असं इथे गंमतीनं म्हणतात. त्या आवृत्तीत उद्धव ठाकऱ्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळाबद्दल जे थोडं रोखठोक लिहिलं होतं त्यावर मुंबईत गदारोळ झाला. भोरच्या पारावर त्याचं फारसं कुणाला काही नव्हतं. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना १९९९ वाचायचं असतं. राष्ट्रवादी नव्यानं निघाली त्या निवडणुकीत भोरचे काँग्रेसचे दिग्गज अनंतराव थोपटे हरले, आणि ते मुख्यमंत्रिपदाच्या रांगेत होते म्हणूनच हरवले गेले, अशी गोष्ट तालुक्यात पंचवीस वर्षं सांगितली जाते. मार्च २०२४ मध्ये पवार स्वतः थोपट्यांच्या घरी गेले तेव्हा त्या भेटीचा फोटो इथे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त फिरला. एप्रिल २०२५ मध्ये थोपट्यांचे चिरंजीव, माजी आमदार संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. राज्य आणि देशाच्या उंचीवरून लिहिलेल्या आत्मचरित्रात एका तालुक्याच्या हार-जितीला किती ओळी मिळणार, हे वाचकालाही कळतं. पण त्याची भूक त्या ओळींचीच असते.

वेल्ह्यात मात्र निवडणुकांपेक्षा दुसरी पानं शोधली जातात. पाण्याची.

या दोन तालुक्यांत किती पाणी अडवलंय बघा. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पानशेत-वरसगावचं पाणी पुणं पितं. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं, आणि त्या उसावर कारखाने, कारखान्यांवर सहकार, सहकारावर मंत्रिपदं. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे इथे प्रत्येक सभेत ऐकू येतं. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की जुनं शिवमंदिर उघडं पडतं आणि पुण्याहून लोक फोटो काढायला येतात. ज्यांची गावं खाली गेली त्यांची नातवंडं त्यांना चहा विकतात.

म्हणून इथला वाचक पुढाऱ्याच्या पुस्तकात धरणाची गोष्ट शोधतो. ती बहुधा मिळते, पण अमुक हजार हेक्टर भिजले, तमुक कालवा झाला अशी. भिजलेल्याची गोष्ट असते. बुडालेल्याची गोष्ट सांगायची तर लेखक स्वतःच्या सहीपर्यंत येऊन पोचतो, आणि तिथे भल्याभल्यांची लेखणी आखडते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्यावर पुण्यानं भरपूर लिहिलं, पेठांमध्ये पाणी कुठवर आलं याच्या खुणा जपल्या. आंबी आणि मोसे नद्यांच्या खोऱ्यांतून उठून दौंड-हवेलीकडे गेलेल्यांनी काय भोगलं ते त्या मानानं अगदी थोडं लिहिलं गेलं. मोसे खोऱ्यात पुढे लवासा आलं, त्याचे कागद न्यायालयांत आणि मंत्रालयांत मिळतात. खोऱ्यातल्या माणसाच्या हातचा कागद मिळत नाही.

देवांबद्दल इथे मला एक प्रश्न पडतो तो सांगून टाकतो. भोरचा हा माणूस १९२१ च्या पुढे मुळशीच्या मावळ्यांसाठी टाटांच्या धरणाविरुद्ध उभा राहिला. त्याच दशकात त्याच्या स्वतःच्या संस्थानच्या हद्दीत भाटघरची नवी, उंच भिंत उभी राहत होती. मुळशीची लढाई इतिहासात गेली, राजेंद्र व्होरांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून तिचं नाव झालं. भाटघरखाली गेलेल्या शेतांचं नाव कुणी घेत नाही. मुळशीला सेनापती बापट मिळाले, भुस्कुटे मिळाले, देव मिळाले, आणि मग लिहिणाराही मिळाला.

एवढ्या वाचकांशी बोलून माझं मत असं झालं आहे. विरोधकाबद्दल झणझणीत लिहिणाऱ्याला आपण स्पष्टवक्ता म्हणतो, आणि ते पुस्तक हातोहात खपतं. भोर-वेल्ह्याचा वाचकही ते चवीनं वाचतो, नाही असं नाही. पण कपाटात पुस्तक परत ठेवताना तो गुण देतो ते वेगळ्याच गोष्टीला. या माणसानं आपल्या सहीनं कुणाचं नुकसान झालं ते लिहिलं का? या कसोटीवर अत्रे पास होत नाहीत, त्यांच्या हाती सही नव्हती म्हणून थोडी सूट मिळते. ज्यांच्या हाती सही होती त्यांच्यापैकी चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबवलं. पुढचे खंड लिहायचे होते, १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले. म्हणजे सत्तेची सगळी वर्षं त्या पुस्तकाच्या बाहेर राहिली. ते मराठीतलं सगळ्यात सुंदर राजकीय आत्मचरित्र आहे असं मला वाटतं, आणि त्याचं एक कारण हे असावं की त्यात सत्ता नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती पुढाऱ्यांना नाही. भोर आणि वेल्ह्यात आज सत्तरी-ऐंशीत असलेली कितीतरी माणसं आहेत. धरणग्रस्तांच्या मोर्चात चाललेली, पंचायत समितीत बसलेली, अपक्ष उभी राहून अनामत घालवलेली, संस्थान विलीन झालं ते घरच्यांच्या तोंडून ऐकलेली. त्यांनी लिहावं. लिहिता येत नसेल तर नातवाच्या मोबाइलवर बोलावं आणि नातवानं ते वहीत उतरवावं. तारखा चुकल्या तर चालतील, समासात दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. नावं मात्र गाळू नयेत, स्वतःचं तर मुळीच नाही. आणि तालुक्यातल्या वाचनालयांनी कपाटातली एक फळी अशा वह्यांसाठी मोकळी ठेवावी, जमल्यास शंकरराव देवांच्या आत्मचरित्राची एखादी जुनी प्रत शोधून तिथे पहिली ठेवावी. कुणाकडे ती असेल तर रद्दीत घालण्याआधी भोरला पाठवा.